लिनक्स कर्नल पॅनिक होतो पण डंप काही मिळत नाही

प्रश्न: रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ चा डेटाबेस सर्व्हर आहे, मधेच त्याचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) पॅनिक होऊन, म्हणजे गंभीर चुकीने थांबून, रीबूट होतो आणि डंप, म्हणजे त्या क्षणीच्या मेमरीची प्रत, जिथे पडायला हवी ते /वार/क्रॅश बघितलं तर रिकामं. डंप घेणारं केडंप इन्स्टॉल आहे, ग्रबमध्ये (बूटलोडर) त्यासाठी मेमरी राखून ठेवणारं क्रॅशकर्नेल=ऑटो पण आहे, ते जुन्या टेम्प्लेटमधून आलंय. अजून काय बघू?

उत्तर १: ते ऑटोच काढ आधी. ९ मध्ये ते चालतच नाही, म्हणजे मेमरी रिझर्व्हच होत नाही, मग पॅनिकनंतर केएक्झेकने (थेट दुसरा कर्नल सुरू करणारी सोय) डंप घेणारा दुसरा, म्हणजे कॅप्चर कर्नल उठवायचा तरी कुठे? केडंपसीटीएल रीसेट-क्रॅशकर्नेल ही कमांड चालव, रीबूट कर, मग /सिस/कर्नेल/केएक्झेक_क्रॅश_लोडेड मध्ये १ दिसतो का बघ, म्हणजे कॅप्चर कर्नल लोड झालाय. ० असेल तर पुढचं सगळं फुकट.

उत्तर २: वरचं बरोबर, पण १ दिसला म्हणून निश्चिंत राहू नकोस रे, डाउनटाइम घेऊन सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये (कर्नलला थेट हुकूम देणारी फाइल) सी लिहून मुद्दाम क्रॅश करून बघच, आणि सिरियल कन्सोल (सिरियल पोर्टवरून कर्नलचे मेसेज दाखवणारा) उघडा ठेव कारण कॅप्चर कर्नल मेमरी कमी पडून मेला किंवा त्याला डिस्कच दिसली नाही तर ते फक्त तिथेच कळतं. जागेचं टेन्शन नको, डंप लहान करणाऱ्या मेकडंपफाइल -डी ३१ ने मेमरीतली झिरो, कॅश, युजर आणि फ्री पेजेस गाळली जातात.

प्रश्नकर्ता: ० च आहे! आज रात्री बदलतो. व्हीएमकोअर (डंपची फाइल) मिळाला की उघडायचा कशात?

उत्तर १: क्रॅश टूलमध्ये. डीबगइन्फो (कर्नलमधल्या फंक्शनची नावं वगैरे देणारं पॅकेज) मात्र ज्या कर्नलवर पॅनिक झाला अगदी त्याच व्हर्जनचं घे. मग त्यात आधी लॉग (कर्नलचे मेसेज), नंतर बीटी (पॅनिकपर्यंतची फंक्शन कॉलची साखळी).