बाजाराचं जुनं चित्र वाचवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझ्या काकांनी सांगलीच्या आठवडी बाजाराचं एक मोठं चित्र काढलेलं, काळ्या शाईत आणि वर हलके वॉटरकलर, आणि इतकं भारी आहे ना की बघताना हसू आवरत नाही. भडंगवाल्याच्या पोत्यात तोंड घालणारी शेळी, मेथीच्या जुडीवरून तावातावाने भांडणारे धोतरवाले आजोबा, आणि ती भाजीवाली मावशी शांतपणे तराजूतलं एक वांगं परत काढून घेतीय! मारिओ मिरांडांच्या चित्रांसारखी गर्दी, पण माणसं अस्सल आपल्याकडची.

२०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, चित्र माळ्यावर होतं म्हणून भिजलं नाही पण ओल लागून कडेला तपकिरी ठिपके पडलेत आणि कागद काचेला चिकटलाय. फ्रेमवाला म्हणतो सोडवून लॅमिनेट करा, पण ते मला पटत नाही, एकदा केलं की कागद परत सुटणार नाही.

सांगली, मिरज किंवा कोल्हापुरात जुन्या कागदाचं काम नीट जाणणारं कुणी आहे का? आणि तोवर काच तशीच ठेवू ना? काकांची ही एकच खूण उरलीय, प्लीज सांगा.