मदत हवी आहे: बालवर्ग मुलांच्या कलाने चालतो, पण पालक वही मागतात

नमस्कार मंडळी. सोलापुरात विडी घरकुल भागात ३ ते ५ वर्षांच्या मुलांचा बालवर्ग घेते. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू. ठोकळे, चिंचोके, पाणी, माती मांडून ठेवते; कुठे बसायचं ते मुलं ठरवतात. सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेनंतर सगळ्यांना आकाशपाळणाच करायचा होता! एकीने पुठ्ठ्याच्या चकतीला काड्या खोचल्या, चकती एकीकडे कलायला लागली तशा समोरासमोर सारख्या लावल्या. मी फक्त दोरा धरला. गणित याहून वेगळं काय असतं?

पण पालकांना भरलेली वही हवी. 'शेजारचं पोर शंभरपर्यंत लिहितंय.' बालशिक्षणाचं काम उभं करणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला काय केलं, २०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वयासाठी खेळातून शिक्षण आहे, सगळं सांगून झालं. माना डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी दप्तरात पेन्सिल! त्यांचंही खरं आहे म्हणा, पहिलीत गेल्यावर लिहायलाच लावतात.

तर, पालकांना दोन मिनिटांत कळेल अशी नोंद तुम्ही कशी ठेवता? एखादं मूल रोज पाण्यापाशीच बसत असेल तर हलवायचं की राहू द्यायचं? वर्गात तेलुगू गाणी कुणी घेत असेल तर तेही सांगा.