‘रेझों’ला मराठीत काय म्हणावं? विवेक, बुद्धी की अक्कल?

अनुवादिनी:
आमच्या वाचनगटासाठी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या ‘दिस्कूर द ला मेतोद’ या ग्रंथाचं (१६३७) पहिलं पान मराठीत आणते आहे आणि पहिल्याच वाक्याला अडले. तो म्हणतो, ‘बों साँस’ (शब्दशः ‘चांगली समज’) ही जगात सगळ्यांत छान वाटली गेलेली वस्तू आहे, कारण बाकी कशानेच ज्यांचं समाधान होत नाही तेसुद्धा ती आहे त्याहून जास्त मागत नाहीत. लगेच पुढे त्याच वस्तूला तो ‘रेझों’ म्हणतो. खरं-खोटं वेगळं ओळखायची शक्ती, उपजतच सगळ्यांत सारखी.

मी ‘सद्बुद्धी’ लिहिलं होतं. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिथेच खोडलं. म्हणाल्या, “अगं, सद्बुद्धी आपण देवाकडे मागतो, तीही बहुतेक दुसऱ्यासाठी. सगळ्यांकडे असती तर मागितली कशाला असती?” मला ते पटलं. ‘बुद्धी’ म्हणावं तर वाचक हुशारी समजतो. ‘तर्क’ म्हणजे बोलण्यात अंदाज: तर्क लढवला, तर्क चुकला. उरला ‘विवेक’. शनिवारपर्यंत द्यायचं आहे, सुचवा.

शास्त्रीबुवा:
ताई, ‘विवेक’च योग्य. नित्यानित्यविवेक, सारासार विवेक, नीरक्षीरविवेक. खरं आणि खोटं निवडणं हाच त्या शब्दाचा धर्म आहे. तयार शब्द घरात असताना शोधाशोध नको.

अनुवादिनी:
पण शास्त्रीबुवा, आपला विवेक कमवावा लागतो. तो जागा होतो, सुटतो, माणूस विवेकभ्रष्ट होतो. देकार्तची वस्तू जन्मतःच आहे, अन् शेतकऱ्याला आणि पंडिताला सारखीच आहे. त्याच्या म्हणण्यातली हिंमत तिथेच आहे ना?

शास्त्रीबुवा:
तोच पुढे म्हणतो की नुसतं चांगलं मन असून भागत नाही, ते नीट वापरणं महत्त्वाचं. म्हणजे साधना आलीच.

मुद्रांक:
मी तीस वर्षं दस्त लिहितो. प्रत्येक खरेदीखतात, बक्षीसपत्रात एक वाक्य असतंच: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले’. लिहून देणारा निरक्षर असो की प्राध्यापक, शब्द तोच. अक्कल किती आहे हे तिथे कुणी मोजत नाही, ती आहे हे धरूनच चालतो. ताई, तुमचा ‘रेझों’ मला इथे दिसतो. ‘अक्कल’ लिहा.

शास्त्रीबुवा:
तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात ‘अक्कल’? तो अपमानाचा शब्द झालाय. “अक्कल आहे का?” असं आपण भांडणात म्हणतो. शिवाय अरबी. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून आपण या शब्दांना पर्याय देत आलो, ते परत आणायचे?

मुद्रांक:
“अक्कल आहे का?” हा टोमणा लागतो कशामुळे? ती असायलाच हवी असं दोघांनीही गृहीत धरलेलं असतं म्हणून. “विवेक आहे का?” म्हटलं तर कुणाला राग येणार नाही. आणखी बघा, ‘अक्कल गहाण टाकली’ म्हणतो आपण. गहाण तीच वस्तू पडते जी आधी आपल्या मालकीची असते.

तिठा:
अरबी म्हणून हलका मानू नका. बाराव्या शतकात स्पेनमधल्या कोर्दोव्याचा तत्त्वज्ञ इब्न रुश्द अॅरिस्टॉटलवर भाष्यं लिहीत होता, त्याच्याकडे बुद्धीसाठी शब्द ‘अक़्ल’च. त्याची भाष्यं लॅटिनमध्ये जाऊन पॅरिसात वाचली गेली. म्हणजे हा शब्द युरोपच्या वाटेवरचाच. मूळ धातू उंटाचा पाय दोरीने बांधण्याचा आहे. मनाला दावं घालणं, असं मी समजतो.

खळं:
शास्त्रीबुवांच्या ‘विवेका’साठी एक गोष्ट सांगतो. ‘विच्’ म्हणजे वेगळं करणं, त्यातही धान्य पाखडून वेगळं करणं. यंत्र यायच्या आधी आम्ही ज्वारी वाऱ्यावर उफणायचो. वडील उंच तिपाईवर उभे, हातात पाटी. टपोरा दाणा सरळ पायाशी, भूस लांब, आणि पोचट दाणे मधल्या पट्ट्यात. खरा वेळ त्या मधल्या पट्ट्याला लागायचा, तो झाडून गोळा करून परत उफणायचा. देकार्तनेही एका आक्षेपाला उत्तर देताना टोपलीभर सफरचंदांची उपमा दिली आहे: काही सडकी असतील अशी शंका आली, तर आधी सगळी ओता, मग एकेक पारखून चांगली तेवढीच परत भरा. त्यामुळे मला तरी ‘विवेक’ हा साधुसंतांचा शब्द वाटत नाही, खळ्यावरचा वाटतो.

अनुवादिनी:
किती छान सांगितलंत! आता ‘विवेक’ पुन्हा जवळचा वाटायला लागला.

निशिगंध:
माझं दुखणं वेगळं आहे. इतिहास शिकवते. ‘प्रबोधन’ हा शब्द आपण लिओनार्दोच्या काळातल्या रेनेसाँसाठीही वापरतो आणि अठराव्या शतकातल्या व्हॉल्तेर-कांट या तत्त्वज्ञांच्या काळासाठीही. मुलं लिओनार्दो आणि कांट एकाच शतकात बसवतात आणि चूक त्यांची नसते. ‘ज्ञानोदय’ म्हणावं, तर त्या नावाचं मिशनऱ्यांचं पत्र अहमदनगरहून १८४२ पासून निघत होतं. तिथे उदय होणारं ज्ञान धर्माचंही होतं. आणि ‘प्रबोधन’ म्हणजे जागं करणं, प्रबोधिनी एकादशीला विष्णूला जागं करतात तसं. कांटचं म्हणणं नेमकं उलटं: दुसऱ्याने जागं करायची वाट पाहू नका.

तिठा:
कांटच्या त्या काळाला जर्मनमध्ये ‘आउफक्लेरुंग’ म्हणतात, त्यात आभाळ स्वच्छ होणं आहे. आपल्याकडे ‘उघडीप’ आहे की!

निशिगंध:
उघडीप दोन दिवसांची असते. पुन्हा पाऊस लागतोच.

मुद्रांक:
‘आउफक्लेरुंग म्हणजे काय’ हा कांटचा १७८४ चा लेख मी मराठीतून वाचला. पहिल्या वाक्यातल्या ‘उनम्युंडिखकाइट’ला तिथे ‘अपरिपक्वता’ लिहिलं होतं. अहो, तो कायद्याचा शब्द आहे. ज्याला पालकाशिवाय व्यवहार करता येत नाही तो. आपल्या कागदावर त्याला ‘अज्ञान’ म्हणतात आणि वयात आला की ‘सज्ञान’. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे ‘अ.पा.क.’ आणि आईचं नाव. अज्ञान पालनकर्ता. अठरा पूर्ण झाली म्हणून तो शेरा आपोआप निघाला नाही. अर्ज मलाच करायचा होता आणि मी केला तेविसाव्या वर्षी. मधली पाच वर्षं मी कागदावर अज्ञानच. आई सगळं बघत होती, मला सोयीचं होतं. कांट तेच म्हणतो: हे अज्ञानपण स्वतःच ओढवून घेतलेलं आहे, कारण ते सुखाचं आहे.

शास्त्रीबुवा:
मुद्रांकराव, हे वाचून मी थांबलो. तरीही ‘अज्ञान’ लिहिलंत तर दहातले नऊ वाचक ‘माहिती नसणे’ समजतील. कांटची तक्रार माहितीच्या अभावाची नाही, धैर्याच्या अभावाची आहे.

मुद्रांक:
मग ‘अज्ञानपण’ लिहा आणि शेजारी ‘पालक’ ठेवा. कांटच्या लेखात पालक आहेतच: माझ्या वतीने समजून घेणारा ग्रंथ, माझ्या वतीने पापपुण्य पाहणारा धर्मगुरू, पथ्य ठरवणारा वैद्य. ‘पालक’ शेजारी आला की ‘अज्ञान’चा अर्थ कुणी चुकणार नाही.

शास्त्रीबुवा:
शहरातला वाचक ‘पालक’ म्हटलं की शाळेतली पालकसभा आठवेल.

तिठा:
देकार्तकडे या जरा. शेवटच्या भागात तो सांगतो की आपण गुरूंच्या लॅटिनऐवजी देशाच्या फ्रेंचमध्ये का लिहिलं: जे फक्त आपली निखळ नैसर्गिक ‘रेझों’ वापरतात, ते आपली मतं जुन्या ग्रंथांवरच विसंबणाऱ्यांपेक्षा चांगली पारखतील अशी त्याला आशा होती. ज्याने शब्दाखातर लॅटिन सोडली, त्याच्या शब्दाला आपण संस्कृत द्यावं का?

शास्त्रीबुवा:
‘विवेक’ गावोगावच्या कीर्तनात आहे. तो काही पोथीत कोंडलेला नाही.

खळं:
तुकोबा देकार्तच्याच काळातले. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.’ त्यांनी ‘मन’ म्हटलं, आणि त्याला साक्षीला उभं करायला ‘ग्वाही’ हा फारसी शब्द घेतला.

अनुवादिनी:
आज रात्री पहिलं वाक्य ‘अक्कल’ घालून लिहून पाहिलं, मोठ्याने वाचलं. मग ‘विवेक’ घालून. ‘अक्कल’ने वाक्य चालतं, पण ‘रेझों’ जिथे येतो तिथे ते गडगडतं. दोन्ही ठेवू का, बों साँसला अक्कल आणि रेझोंला विवेक? पण मग दोन्ही एकच आहेत हे तो म्हणतो ते वाचकाला कळणार कसं?

निशिगंध:
‘प्रबोधन’चं कुणी काही बोललंच नाही.

देवगडकर:
उशिरा आलो. आमच्याकडे ‘उघाड’ म्हणतात, उघडीप नाही. उघडीप तासा-दोन तासांची, उघाड पडली की भात वाळत घालता येतं. घाटावर हा फरक करत नाहीत का?