मदत हवी आहे: इलेक्ट्रिक टर्बोने गाडी खरंच पळते का?

मंडळी, माझी १२०० सीसी पेट्रोल गाडी चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढताना एसी चालू आणि मागे आंब्याच्या पेट्या असल्या की पार रडकुंडीला येते. मित्र म्हणतोय ऑनलाइन १२ व्होल्टचा इलेक्ट्रिक टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा विजेचा पंखा) मिळतो, एअर फिल्टरच्या पाइपात बसव. पण ४००० आरपीएमला इंजिन स्वतःच मिनिटाला साधारण २४०० लिटर हवा ओढतं, मग हा एवढासा पंखा प्रेशर कसलं देणार, उलट वाटेत आडवाच येईल ना? ऑडी एसक्यू७ मध्ये २०१६ला इंजिनात हवा दाबून भरणारा खरा इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर आला, पण तो ४८ व्होल्टवर ७ किलोवॅटपर्यंत खातो, आपली बॅटरी तर तेवढ्यात झोपेल. कोणी बसवलाय का? की आधी प्लग, फिल्टर, क्लच बघून घेऊ?