इफेक्टसकट सॅम्पल केलेली गिटार: तिला गिटार म्हणायचं का?

सहावी_तार
पार्श्वसंगीतात हल्ली हा आवाज सर्रास ऐकू येतो. गिटारचा एकेक स्वर डिस्टॉर्शन (आवाज फाटवणं), डिले (प्रतिध्वनी), रिव्हर्ब (घुमारा) यांमधून काढायचा, कधी उलटा फिरवायचा, आणि या सगळ्यासकट रेकॉर्ड करून कॉन्टॅक्टसारख्या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कीबोर्डवर मांडायचा. हेवीऑसिटी कंपनीची 'स्कोरिंग गिटार्स' ही लायब्ररी (तयार सॅम्पलचा संच) याच जातकुळीतली. पॅड म्हणून (मागे पसरून राहणारा आवाज) खुशाल वापरा, पण श्रेयनामावलीत 'गिटार' लिहू नका, असं माझं ठाम मत आहे.

कारण डिस्टॉर्शन सगळ्या तारांच्या एकत्रित आवाजावर काम करतं. सर्वात जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची, तिचा पंचम १२३ चा. दोन्ही एकाच अ‍ॅम्पमधून गेले की फरकाचा ४१ हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक खालचा स्वर आपोआप तयार होतो. पॉवर कॉर्डचं (मूळ स्वर आणि पंचम एकत्र) वजन त्यात आहे. लायब्ररीत प्रत्येक स्वर वेगवेगळा डिस्टॉर्ट झालेला असतो, त्यामुळे दोन पट्ट्या दाबल्या की होते ती नुसती बेरीज.

खर्ज
भौतिकशास्त्र मान्य, निष्कर्ष अमान्य. याच कारणामुळे मला ती लायब्ररी हवी असते! खऱ्या गिटारवर भरपूर डिस्टॉर्शन लावून जवळजवळचे पाच स्वर एकदम छेडा, सगळा चिखल होतो. इथे तेच पाच स्वर सुटे ऐकू येतात. गिटारवादकाला जी कॉर्ड वाजवताच येत नाही, ती संगीतकाराला मिळते. मेलोट्रॉन आठवा. १९६३ चं वाद्य, प्रत्येक पट्टीखाली टेपचा तुकडा, स्वर जेमतेम आठ सेकंद टिकायचा. त्यातली बासरी खरी वाटत नाही म्हणून आज कोण रडतं? लोक तो आवाज मुद्दाम शोधतात.

रात्रपाळी
मालिकांचं काम करणाऱ्याला सकाळी भाग द्यायचा असतो, वादक कुठून आणणार? मी खर्ज यांच्या बाजूने. फक्त सगळ्यांनी तेच चार प्रीसेट (लायब्ररीतले आयते आवाज) वापरणं थांबवा.

सहावी_तार
@खर्ज, मेलोट्रॉनला लोक मेलोट्रॉनच म्हणतात, माझी मागणीही तेवढीच आहे. शिवाय एकच सॅम्पल तीन अर्धस्वर वर ताणलं की आत रेकॉर्ड झालेला ट्रेमोलोही (आवाजाचं लहान-मोठं होत थरथरणं) साधारण १९ टक्के जास्त वेगाने थरथरतो. कॉर्डमधला प्रत्येक स्वर आपापल्या लयीत!

खर्ज
हा आळशी बांधणीचा दोष झाला. प्रत्येक अर्धस्वर वेगळा रेकॉर्ड करा, प्रश्न मिटला.

सहावी_तार
ट्रेमोलोचा मिटला, मींडेचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याचा) नाही. गिटारवर डिले लावून तार ओढून पाहा. आधीचे प्रतिध्वनी जुन्या स्वरावरच राहतात आणि नवा स्वर त्यांच्यावरून चढत जातो. त्या घर्षणासाठी तर आपण डिले लावतो. सॅम्पलवर पिचबेंडचं (स्वर वर-खाली सरकवणारं) चाक फिरवलं की स्वराबरोबर प्रतिध्वनीही वर सरकतात, घर्षण संपलं. आपल्या संगीतात स्वर सरळ उभा कधी राहतो? तेव्हा बनवणाऱ्यांनी प्रक्रिया केलेल्या आवाजासोबत त्याच वादनाचं कोरं रेकॉर्डिंगही द्यावं. इफेक्ट आम्ही लावू, मींडेनंतर.

खर्ज
कोरं रेकॉर्डिंग द्यावं, याला माझा पाठिंबा. श्रेयनामावलीत मात्र मी 'गिटार'च लिहिणार. तार कुणीतरी छेडलीच होती ना?