अमेरिकेहून आलेल्या व्हायब्रेटरी टम्बलरची मोटर तापते: दोष बेअरिंगचा की विजेचा?

प्रश्न: अकीकप्रेमी, पुणे

नमस्कार. दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडणारे अकीक आणि जास्पर घासून त्यांना चकाकी आणण्यासाठी मी लहान व्हायब्रेटरी टम्बलर, म्हणजे भांडे थरथरवून दगड घासणारे यंत्र, वापरतो. फिरत्या पिंपाच्या टम्बलरमध्ये दगड गोटीसारखे गोल होत जातात, तर यात त्यांचा मूळ आकार बराचसा टिकतो, म्हणून मला हेच यंत्र आवडते. ते बहिणीने अमेरिकेहून पाठवले असून २३० व्होल्टचे ११० व्होल्ट करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालते. अलीकडे मोटर इतकी तापते की संरक्षक स्विच तिला मध्येच बंद करतो आणि दगडही भांड्यात फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरत राहतात. दुकानदार बेअरिंग बदलायला सांगतात. मोटर उघडण्यापूर्वी आणखी काय तपासावे?

उत्तर: मोटर वाइंडिंग, भोसरी

बेअरिंगला हात लावण्याआधी मोटरची पाटी वाचावी. त्यावर ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे लिहिलेले असेल, तर आपला ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज बदलतो, वारंवारता ५० हर्ट्झच राहते, हे लक्षात घ्यावे. इंडक्शन मोटरच्या गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्टेज भागिले वारंवारता या प्रमाणात असतो. ११५ भागिले ६० म्हणजे सुमारे १.९२ आणि ११० भागिले ५० म्हणजे २.२, अर्थात गाभ्यावर जवळजवळ १५ टक्के अधिक भार पडतो, तो संपृक्त होऊ लागतो, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपत येते, आणि मोटर जास्त प्रवाह ओढून तापते. त्यातच तिचा पंखाही हळू फिरत असल्यामुळे थंडावा कमी मिळतो.

दगड न फिरण्याचे कारणही येथेच असू शकते. पाटीवर मिनिटाला ३४५० फेरे असतील, तर आपल्याकडे ते २८५० ते २९००च्या आसपास येतात. शाफ्टवर एका बाजूला बसवलेल्या, कंपन निर्माण करणाऱ्या विकेंद्री वजनाचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तो सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

उष्णतेवर उपाय सोपा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या आधी डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारे उपकरण) लावून त्याला २०० व्होल्ट द्यावेत, म्हणजे मोटरला सुमारे ९६ व्होल्ट मिळतील, आणि चालू मोटरवर मल्टिमीटरने ते तपासावेत. मोटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी रिवाइंड करूनही (तारेची गुंडाळी नव्याने घालूनही) उष्णता कमी होईल, परंतु वेग वाढणार नाही. वेग हवाच असेल, तर त्याच मापाची तीन फेजची मोटर बसवून ती व्हीएफडीवर (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग ठरवणाऱ्या उपकरणावर) ६० हर्ट्झला चालवावी. सध्याची एक फेजची मोटर मात्र साध्या व्हीएफडीवर कधीही जोडू नये. यंत्राजवळ पाणी असते, म्हणून अर्थिंग आणि गळती-प्रवाह तोडणारा स्विच असलाच पाहिजे.

उत्तर: गारेचा नाद, नागपूर

वरील विवेचन योग्य आहे, तरीही भांड्यातील भरणाही पाहावा. ते तीन-चतुर्थांशापासून जवळजवळ काठोकाठ भरलेले असावे आणि मोठ्या दगडांमधील फटी बारीक दगडांनी किंवा सिरॅमिकच्या तुकड्यांनी भराव्यात. पाणी फार थोडे लागते. दगड ओलसर चमकावेत, पण तळाशी पाणी साचू नये. घासण्यासाठी घातलेली सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि दगडाची झिजलेली भुकटी मिळून चिखल दाट होतो, तेव्हा सगळा भरणा एकमेकांना चिकटून हालचाल थांबते. आमच्याकडे उन्हाळ्यात हे फार लवकर घडते. त्यामुळे दर काही तासांनी झाकण उघडून पाण्याचे तुषार मारावे लागतात. हा चिखल मोरीत ओतू नये, तो नळीत बसून दगडासारखा घट्ट होतो.

उत्तर: फिनिशिंग शॉप, चाकण

बेअरिंगची परीक्षा न उघडताही होते. प्लग काढून वजन हाताने फिरवावे. खरखर जाणवली किंवा शाफ्ट आडवा हलला, तर ते बदलावे, आणि नवे घेताना दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच घ्यावे, कारण पूड आत गेल्यावर कोणतेही बेअरिंग टिकत नाही. वजन काढण्यापूर्वी त्याची जागा शाफ्टवर खुणेने आखून ठेवावी. त्याला शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) कंपनाने सैल होतो, तेव्हा परत बसवताना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे घट्ट धरणारा चिकट द्रव) लावावे. प्रत्येक स्प्रिंगच्या दोन्ही टोकांशी चीर आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहावे; एक जरी तुटली, तरी भांडे कलते आणि दगड एका बाजूला गोळा होतात. पॉलिशसाठी वेगळे भांडे ठेवणे मला अत्यावश्यक वाटते, कारण अस्तरात रुतलेला जाड पुडीचा एखादा कणही चकाकीवर ओरखडा काढतो.

प्रश्नकर्ता: अकीकप्रेमी, पुणे

पाटीवर ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झ असेच आहे. शाफ्ट हाताने सुरळीत फिरतो आणि स्प्रिंगाही शाबूत आहेत. त्यामुळे बेअरिंग तूर्त तसेच ठेवून प्रथम डिमरस्टॅट लावतो. ९६ व्होल्टवर मोटर थंड राहिली पण दगड फिरले नाहीत, तर वजनाला थोडी पट्टी जोडून जोर वाढवणे सुरक्षित ठरेल का?

उत्तर: मोटर वाइंडिंग, भोसरी

थोडी वाढ चालते, पण बेअरिंग आणि स्प्रिंगांवरचा ताणही तेवढाच वाढतो. पट्टी वजनाला नटबोल्टने पक्की बसवावी, केवळ चिकटवू नये, आणि त्यानंतर पहिला तासभर यंत्राजवळ थांबून मोटरची उष्णता व आवाज तपासत राहावे.