बास्केटबॉल: मुख्य स्कोअरर सुरुवातीला बेंचवर बसवावा का?

पंचवटीकर: जिल्ह्यातल्या बऱ्याच संघांचं चित्र ठरलेलं. भरवशाचा स्कोअरर एकच, तो पहिल्या मिनिटापासून मैदानात, दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर जीभ बाहेर. मग तो बसला की बास्केट बंद. त्याला स्टार्टिंग फाइव्हमधून, म्हणजे सुरुवातीच्या पाचांतून काढा. पहिल्या क्वार्टरची शेवटची 5 मिनिटं, दुसऱ्यात 8, तिसऱ्यात 7, चौथ्यात पूर्ण 10. झाली 30. सुरुवातीपासून खेळवूनही 40 पैकी एवढीच मिळतात, मग ती समोरच्यांच्या दुसऱ्या फळीविरुद्ध का नकोत? मनू जिनोबिली 2007-08 मध्ये बहुतेक सामने बेंचवरून आला आणि 19.5 च्या सरासरीने एनबीएतल्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) स्पर्सचा सर्वाधिक गुण करणारा ठरला. सिक्स्थ मॅनचा, म्हणजे बेंचवरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच.

तिसरा_क्वार्टर: जिनोबिली बसलेला असायचा तेव्हा मैदानात डंकन आणि पार्कर असायचे हो! आपल्याकडे कोण? 10-2 ने मागे पडल्यावर तो येणार, पिछाडी भरायच्या घाईत लांबून फेकत सुटणार. स्पर्धेत क्वार्टर 8 मिनिटांचा ठेवला असेल तर ती पहिली 5 मिनिटं म्हणजे सामन्याचा जवळजवळ सहावा भाग. आणि दुसरी फळी कसली घेऊन बसलात? खेळण्यासारखे सातच असतात. समोरचा कोच त्याचा चांगला डिफेंडर राखून ठेवेल, तुमचा हिरो उठला की तोही उठेल.

पंचवटीकर: राखू दे की. तेवढा वेळ त्यांचा बेस्ट डिफेंडर बाहेर, हा आपलाच फायदा.

टेबल_ऑफिशियल: "5 मिनिटं झाली की आणा" हे कागदावर सोपं आहे. फिबा (आंतरराष्ट्रीय महासंघ) नियमात सब, म्हणजे खेळाडू बदल, मिळतो तो बॉल डेड (खेळाबाहेर) आणि घड्याळ थांबलेलं असताना. समोरच्यांनी बास्केट केली म्हणून घड्याळ थांबत नाही, ते फक्त चौथ्या क्वार्टरच्या आणि ओव्हरटाइमच्या शेवटच्या 2 मिनिटांत. म्हणजे फाउल, बाहेर गेलेला बॉल नाहीतर टाइमआउट हवा, आणि पहिल्या हाफला टाइमआउट दोनच. शिवाय सब मागायचा तो खेळाडूने स्वतः टेबलापाशी येऊन, कोचच्या ओरडण्याला अर्थ नाही. दर सामन्यात तेच: शिट्टी वाजल्यावर पठ्ठ्या उठतो, टी-शर्ट काढतो, लेस आवळतो, तोवर रेफरीने थ्रो-इनसाठी बॉल हातात दिलेलाही असतो. पुढची शिट्टी दोन मिनिटांनी. चौथ्या मिनिटालाच टेबलाशी आणून बसवा.

सातपूर_सेंटर: पंचवटीकरांच्या बाजूने, पण कारण वेगळं. फाउल. एनबीएत 6 झाले की खेळाडू बाहेर, आपल्याकडे 5. सुरुवातीला समोरचा गार्ड ताजा असतो, सारखा ड्राइव्ह मारतो, बॉल घेऊन बास्केटकडे घुसतो. पहिल्याच क्वार्टरमध्ये स्कोअररचे दोन फाउल झाले की कोच घाबरून त्याला हाफटाइमपर्यंत बसवतो. बसवणं आलंच, तर आपल्या सोयीने बसवा. रेफरी हाताचा स्पर्श किती कडक धरतोय हे बेंचवरून कळतं. त्याच्या जागी मात्र दुसरा शूटर घालू नका. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेणारा, अंगावर खेळणारा घाला, नाहीतर 10-2 खरंच होईल.

तिसरा_क्वार्टर: आणि तो बदली खेळाडूंबरोबर आला की समोरचे पहिल्याच पझेशनला बॉक्स अँड वन लावतील. एक जण त्याला चिकटून, उरलेले चौघे पेंटभोवती (बास्केटसमोरचा रंगवलेला भाग). बाकीच्यांना शॉट नाही, मग कोण सोडवणार? आणायचाच तर किमान तीन स्टार्टर मैदानात असताना आणा, चाल रचणारा पॉइंट गार्ड त्यात हवाच. दुसरं, घड्याळातली 5 मिनिटं प्रत्यक्षात सहज दहा होतात. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळी नाशिकच्या उघड्या सिमेंट कोर्टवर तेवढा वेळ बसून थेट स्प्रिंट मारला की हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरलीच समजा.

सातपूर_सेंटर: त्याला उपाय आहे. ट्रॅक पँट अंगावरच ठेवायची, तिसऱ्या मिनिटाला बेंचमागे दोरीवरच्या उड्या आणि लंजेस, मगच टेबलाकडे.

तिसरा_क्वार्टर: पोराच्या मनाचं काय? एनबीएतला जेम्स हार्डन 2012 चा सिक्स्थ मॅन, त्याच ऑक्टोबरमध्ये करार जमला नाही म्हणून ह्यूस्टनला गेला, तिथे स्टार्टर झाला आणि 2018 चा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). राज्य निवडीच्या तोंडावर "हा तर बेंचवरचा" असा शिक्का बसला तर?

पंचवटीकर: लू विल्यम्सने 2017-18 मध्ये एनबीएतल्या क्लिपर्सकडून बहुतेक सामने बेंचवरून येऊन 22.6 ची सरासरी दिली. कोणी शिक्का मारला? निवड समितीने शेवटच्या 5 मिनिटांत कोण आहे ते बघावं.

टेबल_ऑफिशियल: स्कोअरशीटवर फरक एवढाच: खेळलेल्या प्रत्येकापुढे फुली, सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल. ते पाच कोचने सामन्याआधी 10 मिनिटं नक्की करून सही करायची असते. त्याला बसवणार असाल तर त्याआधी सांगा, सही झाल्यावर सांगितलं की बेंचवर वाद होतात आणि आमचं टेबल थांबून राहतं.